दुसऱ्या देशाची कॅसेट

१. प्रश्न आणि मोजपट्टी

गेम तोच, कंपनी तीच, यंत्राचे नावही थोड्याफार फरकाने तेच. मग टोकियोत घेतलेली कॅसेट न्यूयॉर्कच्या यंत्रात का चालत नाही? जुन्या गेम कन्सोलच्या नादी लागलेला माणूस हा प्रश्न आज ना उद्या विचारतोच, आणि त्याला बहुधा एवढेच उत्तर मिळते की 'सिस्टिम वेगळी असते'. उत्तर खोटे नाही, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. काही बाबतींत दोन देशांची यंत्रे खरोखरच वेगळी होती. काही बाबतींत यंत्र जवळजवळ तेच होते आणि मध्ये आडकाठी मुद्दाम घातलेली होती. यातली कुठली गोष्ट कुठे आहे हे ओळखायला एक सोपी मोजपट्टी पुरते. परदेशी गेम चालावा म्हणून यंत्रात काय बदलावे लागते ते पाहायचे. बदल मोठा आणि अवघड असेल तर अडचण खरोखर तंत्राची होती असे मानायला जागा आहे. पक्कड आणि दोन मिनिटे एवढ्यावर काम भागत असेल, तर ती अडचण तंत्राची नव्हती, धंद्याची होती.

परदेशी गेमसाठी एवढी खटपट कुणी का करावी, हेही आधी सांगायला हवे. त्या काळात कुठला गेम कुठल्या देशात येईल हे कंपन्या ठरवत आणि त्यांचा हिशेब खेळणाऱ्यांच्या आवडीशी जुळेलच असे नव्हते. 'क्रोनो ट्रिगर' हा आजही वाखाणला जाणारा गेम १९९५ मध्ये जपानमध्ये आणि अमेरिकेत विकला गेला, पण युरोपच्या दुकानांत तो अधिकृतपणे पोहोचला २००९ मध्ये, तोही निन्टेन्डो डीएस या वेगळ्याच यंत्रासाठी. त्याच वर्षीच्या 'सेइकेन देनसेत्सू ३'ची अधिकृत इंग्रजी आवृत्ती तर २०१९ मध्ये निघाली. वाट पाहणाऱ्याने चोवीस वर्षे थांबावे किंवा जपानी कॅसेट मागवून आपले यंत्र उघडावे, असे दोनच मार्ग होते.

२. साठ पिना आणि बहात्तर पिना

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र विकायला काढले. त्याच यंत्राला नवे अंग आणि नवे नाव देऊन १९८५ मध्ये ते अमेरिकेत आणले, ते एनईएस. आतला मुख्य प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप दोन्हीकडे सारखीच. तरीही जपानी कॅसेट अमेरिकी यंत्रात बसत नाही, कारण कॅसेटच्या खालच्या कडेला ज्या तांब्याच्या पट्ट्या असतात, ज्यांना पिना म्हणतात, त्या जपानी कॅसेटला ६० आणि अमेरिकी कॅसेटला ७२ आहेत.

या बारा जादा पिना कशासाठी, याचा हिशेब मांडून पाहू. जपानी यंत्रात आवाजाच्या दोन पिना होत्या. यंत्राचा आवाज त्यातल्या एकीवाटे कॅसेटमध्ये जाई आणि दुसरीवाटे परत येई. अमेरिकी यंत्रातून त्या काढून टाकल्या, उरल्या ५८. यंत्राच्या पोटाखाली भविष्यातल्या जोडण्यांसाठी एक सॉकेट ठेवले होते, त्याच्याकडे जाणाऱ्या १० पिना वाढवल्या, झाल्या ६८. राहिलेल्या ४ पिना कुलपाच्या, त्या मिळून ७२. म्हणजे गेम चालवायला लागणाऱ्या ५८ जोडण्या दोन्ही देशांत त्याच होत्या, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या. एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ७२ पिना असलेला छोटा अडॅप्टर मध्ये घातला की या जोडण्या जुळतात.

हा अडॅप्टर पहिल्यांदा कुणी वापरला असेल? खुद्द निन्टेन्डोने. अमेरिकेत सुरुवातीच्या गेमांची घाई होती तेव्हा 'जिरोमाइट' या गेमच्या काही कॅसेटींत कंपनीने सरळ जपानी बोर्ड भरला आणि त्याला ६० ते ७२ पिनांचा अडॅप्टर जोडून वरून अमेरिकी कवच चढवले. पुढे जपानी गेमांचे शौकीन जुन्या बाजारातून 'जिरोमाइट' शोधून काढत, कवच उघडत आणि तो अडॅप्टर काढून घेत. दोन यंत्रे मुळात किती वेगळी होती, यावर याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

मात्र आवाजाच्या त्या दोन पिना गेल्या, हा फरक खरा होता आणि तो कानाला कळतो. कोनामी कंपनीच्या 'कॅसलव्हेनिया ३' या गेमची जपानी आवृत्ती १९८९ ची. तिच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी-६ नावाची जादा चिप होती आणि ती यंत्राच्या स्वतःच्या पाच आवाजांत आणखी तीन आवाजांची भर घालत असे. अमेरिकी यंत्रात हे जादा आवाज आत शिरायला वाटच नव्हती, म्हणून तिथल्या आवृत्तीत वेगळी चिप आली आणि संगीत पाच आवाजांत बसवावे लागले. आज ही वाट उघडायची तर आवाजाची पिन पोटाखालच्या सॉकेटकडे नेणारा अडॅप्टर आणि त्या सॉकेटच्या दोन टोकांमध्ये डाग देऊन लावलेला एक रेझिस्टर एवढे पुरते. मोजपट्टीवर हा बदल मधल्या जागी येतो. अडचण खरी होती, पण डोंगराएवढी नव्हती.

३. कुलपाची चिप आणि तिचा चौथा पाय

आता उरलेल्या चार पिनांकडे वळू. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. कुणीही उठून कसलाही गेम काढावा आणि दुकानदारांनी तो माल मातीमोल भावाने फुंकावा, अशी अवस्था झाली होती. निन्टेन्डोने यातून धडा घेतला आणि अमेरिकी यंत्रात एक छोटी चिप बसवली. तशीच दुसरी चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्रातली चिप कुलूप, कॅसेटमधली किल्ली. भजनात समोरासमोर बसलेले दोन टाळकरी डोळे मिटून एकच ठेका धरतात, तसे त्यांचे काम चाले. दोघींकडे तोच ठेका आधीपासून पाठ, एकमेकींकडून येणारा प्रत्येक ठोका त्या आपल्या ठोक्याशी ताडून पाहत. समोरून ठोका चुकला किंवा आलाच नाही, की कुलपाची चिप मुख्य प्रोसेसरला रीसेट करी आणि हे सेकंदाला साधारण एकदा होत राही. पडद्यावर त्याचे रूप म्हणजे उघडझाप करणारे चित्र. युरोपसाठी ठेका वेगळा, युरोपातही इंग्लंड आणि इटलीसाठी आणखी वेगळा. अशा रीतीने भिकार माल रोखण्यासाठी बनवलेली चिप ओघाओघाने देशांच्या सीमाही राखू लागली.

यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे. कारखान्याच्या सोयीसाठी निन्टेन्डोने कुलपासाठी आणि किल्लीसाठी एकच प्रकारची चिप वापरली होती. आपण कुलूप आहोत की किल्ली, हे चिपला तिच्या चौथ्या पायावरून कळे. त्या पायाला पाच व्होल्ट मिळाले तर ती कुलूप, शून्य मिळाले तर किल्ली. मग यंत्रातल्या चिपचा चौथा पाय बोर्डवरून उचलायचा आणि ग्राउंडला जोडायचा. ती स्वतःला किल्ली समजू लागते, आणि रीसेट करणे हे किल्लीचे कामच नसल्यामुळे समोरून कुणीही येवो, ती गप्प बसते. नवी चिप बसवावी लागत नाही आणि गेमला हातही लावावा लागत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. हे कुलूप नसते तर १९८३ ची गत पुन्हा झाली नसती का? त्या काळापुरते हे म्हणणे मान्य करता येईल. दर्जावर लक्ष ठेवायला कंपनीला काहीतरी साधन हवे होते. पण त्याच साधनाने आणखी काय काय केले तेही पाहिले पाहिजे. कॅसेट बनवण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आणि गेम काढणाऱ्यांना वर्षाला पाच गेमांची मर्यादा घातली. अटारी गेम्स या कंपनीने कुलपाचा ठेका मिळवून स्वतःच्या कॅसेटी काढल्या तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि १९९२ मध्ये निकाल निन्टेन्डोच्या बाजूने लागला, कारण अटारीने चिपमधला प्रोग्रॅम अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला होता. शिवाय या कुलपाचा जाच प्रामाणिक गिऱ्हाइकालाही कमी झाला नाही. यंत्राच्या आतला कनेक्टर सैल पडला किंवा त्यावर धूळ बसली की ठोके पोहोचत नसत आणि अस्सल, पैसे मोजून घेतलेली कॅसेटही उघडझाप करू लागे. कॅसेटवर फुंकर मारण्याची सवय अमेरिकेतल्या एका पिढीला लागली, त्यामागे या कुलपाचा मोठा हात आहे. आणि १९९३ मध्ये त्याच यंत्राची स्वस्त, सुटसुटीत आवृत्ती आली तेव्हा निन्टेन्डोने त्यात कुलपाची चिप बसवलीच नाही. तिच्याविना यंत्राचे काही अडले नाही.

मूळ जपानी फॅमिकॉममध्येही हे कुलूप नव्हते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी टीव्हीला जोडलेले जे 'व्हिडिओ गेम' होते ते बहुतांशी याच जपानी यंत्राच्या नकला. म्हणून एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणारी कुठलीही कॅसेट त्यांत बिनतक्रार चाले. फुंकर आपणही मारत होतोच, पण ती निव्वळ धुळीसाठी.

४. प्लास्टिकचे दोन खुंट

पुढचे यंत्र सुपर फॅमिकॉम. जपानमध्ये ते १९९० मध्ये आले आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी सुपर एनईएस या नावाने. या वेळी पिना त्याच होत्या, आणि जपान व अमेरिकेचा कुलपाचा ठेकाही जुळणारा. तरी जपानी कॅसेट अमेरिकी यंत्रात जात नसे, कारण खाचेच्या आत प्लास्टिकचे दोन छोटे खुंट होते. अमेरिकी कॅसेटच्या पाठीला त्या खुंटांसाठी खाचा ठेवलेल्या, जपानी कॅसेटला नाहीत. टोकदार पक्कड घेऊन ते दोन खुंट मोडले की जपानी कॅसेट सरळ आत बसते आणि गेम सुरू होतो. डाग द्यायला नको, तार जोडायला नको. दोन राष्ट्रांच्या बाजारपेठा वेगळ्या राखणारी भिंत ती एवढीच.

युरोपात मात्र ठेका वेगळा असल्यामुळे खुंट मोडून भागत नसे. तिथे दोन खाचांचे अडॅप्टर निघाले. एका खाचेत परदेशी गेम घालायचा, दुसरीत आपल्या देशाचा कुठलाही गेम. कुलपाने विचारणा केली की देशी कॅसेटमधली किल्ली उत्तर देई आणि खेळ चाले तो परदेशी कॅसेटमधला.

५. पन्नास आणि साठ

आतापर्यंतच्या युक्तिवादावर सर्वांत वजनदार आक्षेप टीव्हीचा आहे. जपान आणि अमेरिकेचा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र रंगवणारा, ५२५ ओळींचा. युरोपचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया आणि भारत पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा आणि ६२५ ओळी. हा भेद कुठल्याही गेम कंपनीने केलेला नाही. तो गेमच्या आधीचा आहे. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला जपानी यंत्र जोडले तर चित्र वरखाली लोळते किंवा रंग उडून काळेपांढरे दिसते. ही अडचण शंभर टक्के तंत्राची आहे.

पण या भेदाचे पुढे काय केले गेले ते पाहा. त्या काळचे बहुतेक गेम घड्याळाकडे पाहून चालत नसत, चित्रे मोजत चालत. एक साधे उदाहरण घेऊ. गेममध्ये ६० सेकंदांची मुदत आहे आणि प्रोग्रॅममध्ये ती ३६०० चित्रे अशी लिहिली आहे. जपानी यंत्रात ३६०० भागिले ६०, बरोबर ६० सेकंद. तोच गेम न बदलता पाल यंत्रात टाकला तर ३६०० भागिले ५०, म्हणजे ७२ सेकंद. पात्र सावकाश पळते, उडी तरंगल्यासारखी वाटते, संगीतही रेंगाळते. त्यात पाल टीव्हीच्या जादा ओळी भरायला चित्र नसल्याने वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. युरोपला मिळालेला 'सॉनिक' असा मंदावलेला होता, आणि मुळात तो गेम वेगासाठीच गाजलेला! काही कंपन्यांनी युरोपी आवृत्तीचा वेग नीट जुळवून दिला, पुष्कळांनी ते कष्ट घेतले नाहीत. तेव्हा टीव्हीचा फरक खरा होता हे मान्य, पण त्या फरकामुळे युरोपी गिऱ्हाइकाला वेगळी, त्याच्यासाठी बेतलेली वस्तू मिळत होती असे म्हणता येत नाही. पुष्कळदा तीच वस्तू संथ होऊन मिळत होती.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रात हे उघड दिसते. त्याच्या बोर्डवर दोन जागी छोट्या जोडण्या आहेत. एक सांगते की यंत्र जपानी की परदेशी, दुसरी सांगते की ५० की ६०. गेम सुरू होताना या दोन होकार-नकारांचे मूल्य वाचतो, त्यातून चार शक्यता होतात. सुरुवातीचे गेम ही माहिती चांगल्या कामी लावत. १९९१ च्या एकाच कॅसेटमध्ये दोन नावे भरलेली होती, परदेशी यंत्रात 'स्ट्रीट्स ऑफ रेज' आणि जपानी यंत्रात 'बेअर नकल'. नंतरच्या गेमांनी तीच माहिती वाचून 'हे यंत्र चालणार नाही' असा फलक दाखवायला सुरुवात केली. त्यावरचा उपाय म्हणजे त्या जोडण्या तोडून तिथे दोन स्विच बसवणे. स्विच खटकन फिरवला की पाल यंत्र ६० वर येते, काळ्या पट्ट्या जातात, वेग मूळचा होतो. टीव्हीला ६० पेलले पाहिजे एवढीच अट, आणि नव्वदच्या दशकात युरोपातल्या अनेक टीव्हींना ते पेलत होते.

टीव्हीचा मुद्दा किती निर्णायक, हे तपासायला हातात धरायची यंत्रे उपयोगी पडतात, कारण त्यांचा पडदा त्यांच्यापाशीच असतो. १९८९ च्या गेम बॉयला देशांचे कुलूप नव्हते आणि टोकियोची कॅसेट पॅरिसमध्ये निमूट चाले. इथवर टीव्हीचा बचाव टिकतो. पण त्याच निन्टेन्डोने २०११ मध्ये ३डीएस या हातातल्याच यंत्राला देशांचे कुलूप घातले आणि २०१७ च्या स्विचला पुन्हा घातले नाही. पाल आणि एनटीएससीचा या ये-जा करणाऱ्या कुलपाशी काही संबंध लावता येत नाही.

६. चार अक्षरे

कॅसेट जाऊन सीडी आली आणि प्रश्न अवघड झाला, कारण सीडीची नक्कल घरच्या घरी करता येते. १९९४ च्या सोनी प्लेस्टेशनने यावर एक हुशार तोड काढली. सीडीवरची माहिती एका लांबच लांब वळणदार चाकोरीत असते. अस्सल प्लेस्टेशन सीडीच्या सुरुवातीच्या भागात ही चाकोरी कारखान्यातच किंचित थरथरती ठेवलेली असे, आणि त्या थरथरीत चार अक्षरे दडवलेली होती. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. यंत्र ती वाचून आपल्या देशाची आहेत का ते पाही. घरचा सीडी रायटर माहिती लिहू शकतो, पण कोऱ्या सीडीवर आधीच कोरलेली चाकोरी बदलू शकत नाही, म्हणून नकललेल्या सीडीवर ही अक्षरे उतरतच नसत. पहिली तीन अक्षरे 'माल अस्सल आहे' असे सांगत आणि चौथे 'माल कुठल्या देशाचा' ते. सोनीने दोन वेगळे प्रश्न एकाच कुलपात घातले.

त्याचे परिणाम पुढे कित्येक वर्षे भोगावे लागले. आठ पायांची एक छोटी चिप बोर्डवर काही तारांनी जोडायची आणि तिने यंत्राला ती चार अक्षरे ऐकवत राहायचे, ही झाली मॉडचिप. तिने जपानी गेम चाले आणि तिनेच चोरीची सीडीही चाले. जपानहून पूर्ण किंमत मोजून अस्सल गेम मागवणारा आणि फुटपाथवरून नक्कल घेणारा, दोघांनाही एकच चिप लागे. पुढच्या काही गेमांनी चिप हुडकायला सुरुवात केली. अक्षरे जिथे असूच नयेत अशा ठिकाणी ती ऐकू आली तर चिप आहे हे उघड. मग काम झाले की गप्प बसणाऱ्या चिपा निघाल्या.

'मॉडचिपमुळे चोरी वाढते' हा आक्षेप म्हणून सपशेल झिडकारता येत नाही. ज्यांनी ही चिप बसवून घेतली त्यांतले पुष्कळजण परदेशी गेमसाठी नव्हे तर नकलांसाठीच आले असणार. पण दोष कुणाचा, हा प्रश्न उरतो. देशाचा प्रश्न वेगळा ठेवला असता तर परदेशी गेमच्या शौकिनाला चोराच्या आळीत जायची गरज पडली नसती. सुपर एनईएसचे खुंट मोडणाऱ्याला एकही चोरीचा गेम खेळता येत नव्हता. प्लेस्टेशन उघडणाऱ्याला तो मोह सोनीच्या रचनेनेच घातला.

७. कायद्याने काय म्हटले

ऑस्ट्रेलियात हा वाद थेट सर्वोच्च पातळीवर गेला. मॉडचिप विकणाऱ्या एका व्यक्तीविरुद्ध सोनीचा खटला चालू असताना तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने कोर्टापुढे बाजू मांडली की देशांची कुलपे ग्राहकाच्या निवडीवर घाला घालतात. ६ ऑक्टोबर २००५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे तिथले सर्वोच्च न्यायालय आहे, निकाल सोनीच्या विरोधात दिला. सोनीची चार अक्षरे नक्कल करणे रोखत नाहीत, नक्कल झाल्यावर ती चालवणे रोखतात, असा त्यामागचा तर्क होता. पुढच्याच वर्षी तिथला कायदा अधिक कडक झाला, पण त्यात एक महत्त्वाची सूट लिहिली गेली. परदेशात रीतसर घेतलेला सिनेमा किंवा गेम देशात चालू नये एवढ्यासाठीच घातलेले कुलूप संरक्षणाला पात्र नाही. सोनीने एकत्र केलेले दोन प्रश्न कायद्याने पुन्हा सोडवून वेगळे केले.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने ते तोडलेले असले पाहिजे. अशाच कुलपांबाबतचा अमेरिकेचा १९९८ चा कायदा हेतूबाबत इतका उदार नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा शिल्लक राहतो, किमतीचा. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी किंमत ठेवता आली नाही तर गरीब किंवा घसरलेल्या चलनाच्या देशांतल्या गिऱ्हाइकाला वस्तू महाग पडेल. हा मुद्दा पोकळ नाही. २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ जपानमध्ये दोन रूपांत विकला. फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला, सर्व भाषांचा ६९,९८० येनला. जपानी गिऱ्हाइकाला स्वस्त यंत्र मिळाले आणि ते बाहेर जाऊ नये याची तजवीजही झाली. पण इथे अट उघडपणे सांगितलेली होती आणि बिनअटीचे यंत्रही कंपनी स्वतःच विकत होती. १९९१ च्या अमेरिकी गिऱ्हाइकापुढे असा पर्याय नव्हता.

८. यंत्र उघडण्यापूर्वी

शेवटचा आक्षेप जुन्या वस्तू जपणाऱ्यांचा. पस्तीस-चाळीस वर्षांची यंत्रे आता नवी बनत नाहीत, ती कापू नका, असे ते म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. सुदैवाने बहुतेक बदल परतवता येण्याजोगे करता येतात. एनईएसच्या चिपचा चौथा पाय कातरू नये, गरम करून उचलावा. कातरलेला पाय पुन्हा जोडणे किचकट असते. पण चित्र उघडझाप करते म्हणून कुणी तिथवर आला असेल तर त्याने आधी कनेक्टर आणि कॅसेटच्या पट्ट्या स्पिरिटने पुसून पाहाव्यात. सुपर एनईएसचे खुंट मोडायचे नसतील तर मधला अडॅप्टर मिळतो. युरोपी यंत्रात मूळ कुलपाच्या जागी सुपरसीआयसी नावाची नवी चिप बसवता येते. ती दोन्ही ठेके जाणते आणि रीसेटचे बटण दाबून धरले की देश बदलते. काढलेली मूळ चिप पुडीत बांधून त्याच यंत्राच्या पोटात ठेवून द्यावी. 'जिरोमाइट' फोडण्याची आता गरज नाही, कारण ६० ते ७२ पिनांचे नवे अडॅप्टर विकत मिळतात.

कुलपापेक्षा विजेची काळजी जास्त घ्यावी. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकी १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट घातला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा किंवा योग्य व्होल्टचा नवा अडॅप्टर. एनईएसचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागते, त्यातही पिनेचा मधला भाग ऋण. म्हणून नाते कितीही जवळचे असले तरी एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला लावू नये.